रक्कम फोनवर बोलायची नाही

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. वेळ दुपारी चार वाजून बावन्न मिनिटं. रक्कम चार लाख शहाऐंशी हजार रुपये. हजर माणसं चार: आमच्या पतसंस्थेचे अध्यक्ष आप्पा, रोखपाल सारिका, पासबुक भरून घ्यायला आलेले एक खातेदार आणि मी. मी या संस्थेची लेखापाल, आणि जुने व्यवस्थापक निवृत्त झाल्यापासून प्रभारी व्यवस्थापकही. संस्था येरमाळ्यात, हमरस्ता सोडून आत दुसऱ्या गल्लीत.

फोन वाजला तो सारिकानं उचलला. पलीकडून तात्या बोलत होते. तात्या म्हणजेच आमचे ते जुने व्यवस्थापक. एकतीस वर्षं नोकरी करून आठ महिन्यांपूर्वी, तीस जूनला, निवृत्त झालेले. त्यांचा आवाज मोठा, त्यामुळे स्पीकर न लावताही खोलीभर ऐकू यायचा.

"सारिका, आज बाजारबिजार हाय का काय गं? तीनदा ओटीपी मागितला. मोटर चालू करायला गेलो तरी फोन, बंद करायला गेलो तरी फोन."

सारिका हसत म्हणाली, "कुणी मागितला तात्या? आज आपलं एकही पेमेंट नाही."

पुढे कोणी हसलं नाही. मी संगणकावर बँकेचं खातं उघडलं. चार एकवीसला एक लाख अठ्ठ्याण्णव हजार गेले होते, चार तेहेतीसला एक लाख चौऱ्याण्णव हजार आणि चार शेहेचाळीसला चौऱ्याण्णव हजार. तिन्ही रकमा एकाच नावावर, आणि ते नाव आमच्या सभासद यादीत नव्हतं. मी बेरीज दोनदा केली. खरं तर एकदा पुरली असती.

आमच्या धंद्यातल्या नसलेल्यांसाठी इथे थोडं सांगते. पतसंस्थेची तिजोरी एका किल्लीनं उघडत नाही. दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. एकाच्या मनात काही आलं तरी दुसऱ्याशिवाय दार हलत नाही. बँकेतला आमचा पैसा हल्ली संगणकावरून पाठवला जातो, पण पद्धत तीच. एक जण रक्कम भरतो, दुसरा मंजूर करतो. दोघांची नावं वेगळी, पासवर्ड वेगळे. मंजूर करणाऱ्याच्या मोबाइलवर आणखी सहा आकडे येतात, तो ओटीपी. ते आकडे टाकल्याशिवाय पैसा हलत नाही. म्हणजे लोखंडी तिजोरीपेक्षा एक कुलूप जास्तच. हे कुलूप कोणी फोडलं नाही. आम्ही ते उघडून दिलं. कसं, ते सांगण्यासाठीच हा लेख.

तात्या निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ, फेटा, सगळं झालं. मंजुरी देणारा म्हणून बँकेत नाव मात्र त्यांचंच राहिलं. ते काढून माझं घालायला संचालक मंडळाचा ठराव आणि बँकेचा दोन पानी अर्ज लागतो. मी जुलैमध्ये आप्पांकडे विषय काढला. आप्पा म्हणाले, "एकतीस वर्षं संस्था सांभाळली त्या माणसानं. परवा शाल घातली आन् आज नाव काढायचं? बरं दिसतं का? राहू द्या दिवाळीपस्तोर." दिवाळीनंतर मीही विषय काढला नाही. खरं सांगायचं तर मंजुरीची जबाबदारी दुसऱ्याच्या नावावर होती ते मला बरंच वाटत होतं.

मग चालू झालं ते असं. पेमेंट असलं की आम्ही तात्यांच्या नावानं मंजुरी टाकायची आणि त्यांना फोन लावायचा. तात्या शेतात असोत की लग्नात, साध्या बटणांच्या मोबाइलवर आलेले आकडे एकेक करून वाचायचे. आठ महिन्यांत एकदाही त्यांनी कंटाळा केला नाही. त्यांचं उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, आम्ही अजून दिलेली नव्हती. "तात्या कुठं पळून चाललेत?" असं म्हणून तेही दिवाळीनंतर, मग मार्चनंतर, असं ढकललं होतं. ज्या माणसाचं देणं द्यायचं होतं तोच शेतातून आमची मंजुरी देत होता.

त्या शुक्रवारी मी म्हटलं, लगेच बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला कळवू. आप्पांनी त्या खातेदाराला पासबुक देऊन बाहेर काढलं आणि दार लोटलं. "थांबा. आधी आपल्यातलं बघू. बाहेर बोभाटा झाला तर सोमवारी ठेवी काढायला रांग लागंल."

आप्पांची भीती खोटी नव्हती. पतसंस्था विश्वासावर चालते आणि आमच्या गल्लीत बातमी बसपेक्षा लवकर पोचते. पण आपल्यातलं बघण्यात पंचावन्न मिनिटं गेली. तक्रार नोंदवली तेव्हा पाच सत्तेचाळीस झाले होते. चोरांनी दिवसही नीट निवडला होता. दुसरा दिवस महिन्याचा चौथा शनिवार, मग रविवार. पैसा चोवीस तास फिरतो, बँकेतली माणसं फिरत नाहीत. त्या पंचावन्न मिनिटांत रक्कम पुढच्या खात्यांत पसरली. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना माझं पहिलं सांगणं हेच की आधी कळवा. कोणी केलं ते नंतर शोधा.

पोलीस ठाण्यात तात्यांचा जबाब झाला तेव्हा मी बाजूलाच बसले होते. फौजदार तरुण होते, बोलायला सरळ.

"काका, फोन आला तेव्हा आवाज ओळखीचा होता का?"

"न्हाय. पोराचा होता. मला वाटलं सारिका काउंटरवर असंल, नवीन कुणी ठेवला असंल."

"मग अनोळखी माणसाला आकडे दिले कसे?"

"तात्या म्हणाला की तो. 'तात्या, ओटीपी आला का?' परका माणूस मला तात्या कशाला म्हणंल?"

हे खरं होतं. गावात त्यांना सगळे भाऊ म्हणतात. तात्या ते फक्त आमच्या संस्थेत. फौजदारांनी ही गोष्ट कागदावर लिहिली आणि खाली रेघ मारली.

"आणि रक्कम किती ते का नाही विचारलं?"

तात्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "रक्कम फोनवर बोलायची न्हाय, असं ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

"हापिसात ठरलंय."

गुरुवारीही त्यांनी एकदा आकडे दिले होते, ते चोराचं खातं पैसे पाठवायच्या आमच्या बँकेतल्या यादीत जोडण्यासाठी. बँकेच्या संदेशात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत. तात्या त्यातले आकडे तेवढे वाचायचे. आम्हीही तेवढेच मागायचो.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मी फार वाईट माणूस झाले. ज्याला 'तात्या' हे नाव माहीत, तो आतला. म्हणजे आमच्यातलाच. मी घरी एका कागदावर चार रकाने आखले: नाव, पासवर्ड माहीत असण्याची शक्यता, पैशाची गरज, वागण्यातला फरक. सारिकानं जानेवारीत नवा मोबाइल घेतला होता, ते लिहिलं. आप्पांनी पोलिसांत जायला उशीर लावला, ते लिहिलं. तात्यांपुढे मी दोन ओळी भरल्या. उपदान मिळालं नाही म्हणून राग असेल. आणि फोन करून त्यांनी स्वतःच कळवलं ते संशय टळावा म्हणून असेल. चांगल्या माणसाचं चांगलं वागणंही संशयाच्या रकान्यात बसवता येतं, हे मला तेव्हा कळलं.

एका रविवारी मी त्यांच्या गावी गेले. कारण सांगितलं, कागदावर सही हवी. तात्या शेतात होते. काकूंनी चहा ठेवला. माझी नजर गोठ्याकडे गेली. वरचा पत्रा नवा, चकाकत होता.

"पत्रा नवा केलात वाटतं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

काकू कपबशी ठेवता ठेवता थांबल्या. "व्हय. चौदा हजार लागले. पावती दाखवू का?"

मी नको म्हटलं. चहा पिताना त्या समोरच उभ्या राहिल्या. निघताना म्हणाल्या, "ताई, ह्यांना रात्रीला झोप न्हाय. एकतीस वर्षांत कधी एक रुपया कमी आला होता का, एवढंच इचारत्यात मला. मला काय म्हाईत? तुमच्याकडं वह्या हायेत, तुम्हीच बघून सांगा."

मी वह्या बघितलेल्या होत्या. कमी आला नव्हता.

२८ फेब्रुवारीला संचालक मंडळाची सभा झाली. ठराव झाला: चौकशी पूर्ण होईपर्यंत माजी व्यवस्थापकांचे उपदान रोखून ठेवण्यात यावे. इतिवृत्त मीच लिहिलं. अक्षर चांगलं म्हणून नेहमी मीच लिहिते.

सोमवारी, ३ मार्चला, जिल्ह्याहून सायबरचा तंत्रज्ञ आला. सारिकाच्या संगणकापाशी दोन तास बसला. मग मला बोलावलं. सहा फेब्रुवारीला सारिकानं एक मेल उघडला होता. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी आमच्या लेखापरीक्षकांचं नाव, विषय 'दुरुस्ती अहवाल', सोबत एक फाइल. मार्च जवळ आला की लेखापरीक्षकांचा मेल आम्ही आल्याआल्या उघडतो. तिनंही उघडला. ती फाइल म्हणजे अहवाल नव्हता, तर चोरासाठी उघडलेलं मागचं दार होतं. त्यातून आत येऊन त्यांनी संगणकातल्या फाइली पाहिल्या. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता पाहिला असता तर एक अक्षर जास्त होतं ते दिसलं असतं. नाव कोणीही कोणाचंही लावू शकतो, पत्ता बघायचा असतो.

"त्यांनी सगळ्यात आधी ही फाइल उचलली," तंत्रज्ञ म्हणाला. "ही कोणाची?"

फाइलचं नाव होतं 'मी रजेवर असताना'. ती माझी होती.

मागच्या डिसेंबरात मी मुलीच्या ॲडमिशनच्या कामानं चार दिवस रजेवर होते. माझ्यामागे कुणाचं काही अडू नये म्हणून मी एक तक्ता करून सारिकाच्या संगणकावर ठेवला होता. चौदा ओळी, क्रमांक घालून. तिसऱ्या ओळीत रक्कम भरणाऱ्याचा पासवर्ड. चौथ्या ओळीत मंजूर करणाऱ्याचा. नववी ओळ जशीच्या तशी देते: "मंजुरीसाठी तात्यांना फोन करावा. 'तात्या, ओटीपी आला का' एवढेच विचारावे. सुरक्षेसाठी रक्कम फोनवर बोलू नये." शेजारच्या रकान्यात तात्यांचा नंबर.

हा नियम माझा होता. एकदा बसमध्ये एक माणूस मोठ्यानं रक्कम बोलताना ऐकला होता आणि मला वाटलं, आपल्याकडे असं नको. नियम केला त्याचा मला अभिमानही होता. त्या नियमामुळे तात्या कधी रक्कम विचारत नव्हते. चोरांना काही शोधावं लागलं नाही. दोन्ही किल्ल्या, नंबर, हाक मारायचं नाव आणि बोलायचं वाक्यसुद्धा मी टाइप करून ठेवलेलं होतं. आणि फौजदारांनी "कोणी ठरवलं?" विचारलं तेव्हा तात्यांना ते माहीत होतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

तंत्रज्ञाला मी सांगितलं, फाइल माझी. त्यानं अहवालात 'कर्मचाऱ्याची फाइल' असं लिहिलं आणि पाच वाजताची बस गाठली. मंडळापुढे मात्र मी गप्प बसले. किती दिवस, तेही सांगते: चौदा. या चौदा दिवसांत मी रोज ऑफिसला गेले, सारिका खाली मान घालून काम करत होती, आप्पा तात्यांविषयी "वाटलं नव्हतं हो" म्हणत होते, आणि मी मान हलवत होते. नोकरीला सहा वर्षं उरली होती, घराचे हप्ते पाच वर्षांचे होते. मी हे दोन आकडे रोज समोरासमोर ठेवून बघायचे. शेवटी तो चार रकान्यांचा कागद पुन्हा काढला. त्यावर तीन नावं होती. पासवर्ड माहीत असलेली माणसं मोजली तर चौथं नाव हवं होतं, आणि ते मी लिहिलेलंच नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या वहीत मला अशी सुटलेली नोंद सापडली असती तर मी लाल शाईनं गोल केला असता.

१७ मार्चच्या सभेत मी ती फाइल छापून नेली. प्रत्येक संचालकापुढे एक प्रत ठेवली आणि नववी ओळ मोठ्यानं वाचली.

आप्पा म्हणाले, "म्हंजी तात्यांनी तुमचा नियम पाळला."

"हो."

"आन् आपण त्यांचं उपदान अडवलं."

"हो. आणि नाव काढायला उशीर आपण दोघांनी केला, आप्पा. तेही लिहिते."

"लिहा की. आता काय राहिलंय?" आप्पांनी कपाळावर हात मारला, पण लिहू दिलं. माझी एक वेतनवाढ रोखायचा ठराव झाला. तो ठरावही मीच लिहिला.

आता मी काय करते ते थोडक्यात. सहकारी संस्था, दवाखाना, दुकान, शाळा, कुठलंही ऑफिस असो, कामाला येईल. एकाचा पासवर्ड दुसऱ्याला माहीत नसतो. कागदावर नाही, संगणकावर नाही, माझ्या तक्त्यात तर अजिबात नाही. मंजुरीचं नाव माझं, मोबाइल माझा, आणि ओटीपी मी स्वतः टाकते, कोणाला वाचून दाखवत नाही. आकड्यांच्या आधीचं वाक्य वाचते, त्यात रक्कम असते. कोणी फोनवर घाई केली तर फोन ठेवते आणि आमच्या वहीतल्या जुन्या नंबरवर उलटा फोन लावते. घाई हीच पहिली खूण. आणि माणूस निवृत्त होतो त्या दिवशी आधी बँकेतलं नाव काढायचं, मग शाल. त्यात अपमान नाही. नाव तसंच ठेवण्यात त्या माणसाला जो धोका असतो तो अपमानापेक्षा मोठा आहे.

लोक मला संशयी म्हणतात. लेखापरीक्षकांच्या मदतनिसानं पेन ड्राइव्ह लावायला हात पुढे केला तेव्हा मी मधे हात घातला. तो म्हणाला, "मॅडम, माझ्यावर विश्वास न्हाय व्हय?" मी म्हटलं, "तुमच्यावर आहे. ह्याच्यावर नाही. हा काल कुठे होता ते तुम्हाला तरी माहीत आहे का?" बस थांब्याजवळच्या चहावाल्याला मी रोज संध्याकाळी पैसे देण्याचा त्याचा क्यूआर कोड स्कॅन करून नाव वाचून दाखवायला लावते, कारण चैत्रातल्या यात्रेच्या गर्दीत कोणीतरी त्याच्या कागदावर स्वतःचा कागद चिकटवला होता आणि दोन दिवस चहा त्याचा, पैसे दुसऱ्याचे. "बाई, तुम्ही मला चहापेक्षा कडक भेटल्या," तो म्हणतो. म्हणू दे.

गेलेल्या पैशांपैकी दोन लाख सहा हजार तीनशे पन्नास रुपये वेगवेगळ्या खात्यांत अडवले गेले आणि परत आले. उरलेले दोन लाख एकोणऐंशी हजार सहाशे पन्नास संस्थेनं त्या वर्षीच्या नफ्यातून सोसले. चोर सापडले नाहीत. ठेवी काढायला रांगही लागली नाही.

तीस एप्रिलला तात्या आले. शेवटचा पगार अठरा हजार दोनशे, भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले एकतीस वर्षं: तीन लाख पंचवीस हजार पाचशे. कायद्यानं मिळतात ते तीस दिवस सोडून नऊ महिने उशीर, आठ टक्क्यांनी व्याज एकोणीस हजार पाचशे तीस. "व्याज कशाला?" असं आप्पा म्हणाले होते. मी म्हटलं, ठेवीदाराचे पैसे नऊ महिने वापरले तर देतो ना आपण? त्यांनी धनादेशावर सही केली.

तात्यांनी धनादेश हातात घेऊन रक्कम आधी आकड्यात, मग अक्षरात वाचली. व्हाउचरवर तिकीट चिकटवून सही केली. सारिका त्यांच्या पाया पडली. तिला म्हणाले, "मोबाइल चांगलाय गं तुझा. किती हप्ते राहिले?" ती रडायला लागली.

मी म्हटलं, "तात्या, मी घरी आले होते, पत्र्याचं विचारलं..."

"काकू बोलली मला."

"माझं चुकलं."

"इचारावं लागतं," ते म्हणाले. "मी असतो तर मीबी इचारलं असतं. फक्त जरा आधी सांगायला पायजे होतं, ताई. चौदा दिस."

त्यांना दिवस माहीत होते. तंत्रज्ञ आला त्याची तारीख आणि सभेची तारीख, दोन्ही त्यांनी कुणाकडून तरी काढल्या होत्या आणि वजाबाकी केली होती. एकतीस वर्षं त्यांनी तेच काम केलं होतं.

मी सवयीनं विचारलं, "ठेव पावती करू का? ज्येष्ठांना अर्धा टक्का जास्त आहे."

"बघू," म्हणाले आणि धनादेश घडी न घालता पिशवीत ठेवला.

पाच मे रोजी बँकेच्या उताऱ्यावर तो वटलेला दिसला. तीन लाख पंचेचाळीस हजार तीस रुपये, तात्यांच्या पूर्ण नावे. नोकरीतल्या एकतीस वर्षांत त्यांनी आपली सगळी बचत आमच्याकडेच ठेवली होती. हा धनादेश जमा झाला होता रस्त्यापलीकडच्या पोस्टात.